एक्स-रे स्वच्छ आला, पण घोटा सात आठवड्यांनीही दुखतोय. एमआरआय करावा का?

पायवाट
नमस्कार मंडळी. सात आठवड्यांपूर्वी जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकला आणि उजवा पाय मुरगळला. तासाभरात बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आली, रात्रीपर्यंत सगळं काळंनिळं. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे. लिगामेंट ताणलंय, तीन आठवड्यांत बरं होईल." क्रेप बँडेज बांधलं, घरी आले.

सूज उतरली, रंगही गेला. पण तिनाचे सात आठवडे झाले तरी जिना उतरताना बाहेरच्या बाजूला कळ येतेच. सपाट जमिनीवर फारसा त्रास नाही. एक्स-रेत काही नाही म्हणजे खरंच काही नाही, असं धरायचं का? की सरळ एमआरआय करून मोकळं व्हावं? बहीण म्हणते कर, नवरा म्हणतो अजून महिनाभर थांब. तुमचे अनुभव सांगा.

दवबिंदू
वाचतेय. माझा डावा पाय वर्षातून एकदा तरी मुरगळतोच, त्यामुळे उत्तरं मलाही हवीत.

शून्यवेळ
करून टाका. वाट बघण्यात मी चार महिने घालवले. व्हॉलीबॉल खेळताना उडी मारून खाली आलो तो दुसऱ्याच्या पायावर. दोन वेळा एक्स-रे काढला, दोन्ही वेळा "नॉर्मल". मी व्यायाम करत राहिलो, गोळ्या घेत राहिलो. घोट्यात खोल कुठेतरी दुखायचं, बोट ठेवून दाखवता यायचं नाही. शेवटी एमआरआय झाला. घोट्याच्या सांध्यात मधोमध बसलेलं जे टॅलस नावाचं हाड असतं, त्याच्या वरच्या घुमटावर कूर्चा (हाडापेक्षा मऊ, चिवट थर) आणि तिच्याखालचं थोडं हाड सुटायला आलं होतं. साध्या फिल्मवर हे दिसलंच नव्हतं. आधी कळलं असतं तर त्या पायावर मी चार महिने धावलो नसतो. म्हणून सांगतो, थांबू नका.

रानजाई
मी फिजिओथेरपिस्ट आहे. शून्यवेळ, तुमचं दुखणं खरं होतं आणि तुमच्या बाबतीत एमआरआय हवाच होता. पण पायवाटताईंना "आधी एमआरआय" असं मी सांगणार नाही. कारण सांगते.

पाय मुरगळून येणाऱ्या शंभर लोकांत हाड मोडलेले पंधराहूनही कमी निघतात. तरी पूर्वी जवळपास सगळ्यांचाच एक्स-रे निघायचा. कॅनडातल्या ओटावा इथे इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये याची साधी कसोटी मांडली, ती आज जगभर ओटावा नियम म्हणून वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे जे उंचवटे लागतात, त्यांच्या टोकावर आणि टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत मागच्या कडेवर बोटाने दाबायचं. तिथे हाडावर दुखलं, तर एक्स-रे. मार लागल्या लागल्या चार पावलं टाकता आली नाहीत आणि दवाखान्यातही येत नसतील, तरी एक्स-रे. लंगडत टाकलेलं पाऊलही पाऊलच धरायचं. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल तर आणखी दोन जागा दाबून बघायच्या: करंगळीच्या रेषेत बाहेरच्या कडेला जो टणक उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूचं नाविक नावाचं हाड.

यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता अगदीच कमी. हा नियम नीट पाळला तर तीस ते चाळीस टक्के एक्स-रे वाचतात. आणि लागतं काय, तर एक बोट!

पण तो नियम फक्त हाडाबद्दल बोलतो, हे विसरायचं नाही. लिगामेंट, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), कूर्चा यांच्याबद्दल तो गप्प आहे. "फ्रॅक्चर नाही" याचा अर्थ तेवढाच, "फ्रॅक्चर नाही".

ताई, मला तीन गोष्टी सांगा. दुखतं तिथे एका बोटाने दाखवता येतं का, आणि ती जागा उंचवट्याच्या पुढे आहे, खाली आहे की मागे? जिना उतरताना काही कट्‌कन सरकल्यासारखं वाटतं का? आणि त्या दिवशी पाऊल आत वळलं होतं, की आणखी काही झालं होतं?

शून्यवेळ
रानजाई, बोटाने दाबून माझी कूर्चा कुणाला दिसली असती? दोन चांगल्या डॉक्टरांनी दाबून बघितलं होतं. मला तुमचा मुद्दा कळतो, पण "थांबा आणि बघा" यात माणसाचे महिने जातात.

रानजाई
बोटाने कूर्चा दिसत नाही, बरोबर. पण तुम्हीच लिहिलंय, "खोल कुठेतरी, बोट ठेवता येत नाही." सहा-आठ आठवडे उलटूनही दुखणं तसंच सांध्याच्या आत असेल, वजन टाकलं की वाढत असेल, मध्येच सांधा अडकत असेल, तर टॅलसचा संशय घेऊन एमआरआय मागायलाच हवा. तुमच्या डॉक्टरांनी तो उशिरा मागितला, हे मलाही खटकतं. माझं म्हणणं एवढंच आहे की मशीनला प्रश्न नेमका विचारावा लागतो. नुसतं "घोटा दुखतो" लिहून पाठवलं तर रिपोर्टात सात ओळी येतात. थोडं पाणी, जुना व्रण, कंडरेभोवती किंचित सूज. कधीच न दुखणाऱ्या घोट्यांतही यातलं बरंच काही सापडतं. मग पेशंट त्या सात ओळींना घाबरून माझ्याकडे येतो आणि खरं दुखणं आठवी गोष्ट असते.

फिल्मवाला
अठरा वर्षं एक्स-रे विभागात काम करतोय. पायवाट, फिल्म हाताशी असेल तर बघून सांगा, त्यावर चित्रं किती आहेत? घोट्याला तीन लागतात. एक समोरून, एक बाजूने, आणि तिसरं पाय पंधरा-वीस अंश आत फिरवून. या तिसऱ्याला मॉर्टिस व्ह्यू म्हणतात. समोरून काढलेल्या चित्रात बाहेरचं हाड टॅलसच्या काठावर चढलेलं दिसतं. पाय जरा आत फिरवला की ते बाजूला होतं आणि सांध्याची फट तिन्ही बाजूंनी सलग मोकळी दिसते, दाराच्या चौकटीतल्या फटीसारखी. आतल्या बाजूची फट चार मिलिमीटरच्या वर गेली की माझे कान टवकारतात, कारण हाड अखंड असलं तरी आतलं लिगामेंट फाटून सांधा सरकला असू शकतो. दुखऱ्या पेशंटला पाय फिरवायला सांगणं जिवावर येतं, म्हणून घाईत पुष्कळ ठिकाणी दोनच चित्रं काढतात. मी तिसऱ्याशिवाय सोडत नाही.

दुसरं, पाय टेकवता येत असेल तर उभं करून फिल्म काढावी. झोपलेल्या पायावर वजन नसतं, त्यामुळे सैल झालेला सांधा झोपेत शहाण्यासारखा जागेवर बसलेला दिसतो. उभं केलं की खरं काय ते बाहेर येतं.

खडूफळा
फिल्मवाल्यांशी शंभर टक्के सहमत, आणि एक भर घालतो. मी शाळेत खेळ शिकवतो. एका मुलाचा पाय फिरून तो पडला. घोट्याच्या आतल्या बाजूला सूज, घोट्याचा एक्स-रे साफ. पण पोरगं वारंवार गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हात नेत होतं. सगळ्यांना वाटलं पडताना खरचटलं असेल. दुसऱ्या डॉक्टरांनी पोटरी वरपासून दाबत आणली आणि गुडघ्याखाली बोट लागताच तो ओरडला. बाहेरचं बारीक हाड तिथे, पार वर मोडलं होतं! पायाला पडलेला पीळ दोन हाडांमधला पडदा फाडत वर चढतो आणि वर जाऊन हाड मोडतो. मेझोनव फ्रॅक्चर म्हणतात याला, फ्रेंच सर्जनच्या नावावरून. नुसत्या घोट्याच्या फिल्ममध्ये ते येतच नाही, कारण फिल्म तितक्या वर पोचतच नाही. तेव्हापासून मैदानावर कुणाचाही पाय मुरगळला की मी आधी गुडघ्याखाली दाबून बघतो.

अनुस्वार
खडूफळा सर, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

रानजाईंनी करंगळीच्या रेषेतल्या उंचवट्याचा उल्लेख केलाय, त्यावरून आठवलं. तिथून जरा पुढे होणाऱ्या एका फ्रॅक्चरला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. सर रॉबर्ट जोन्स या सर्जनना ते स्वतःलाच झालं होतं, नाचताना! १९०२ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, म्हणजे अवघ्या सात वर्षांत एक डॉक्टर स्वतःच्या पावलाचं चित्र बघून नवी दुखापत ओळखत होता. मला हे फार आवडतं.

चालतीबोलती
विषयांतराबद्दल क्षमस्व. माझ्या दहा वर्षांच्या मुलाचा पाय मागच्या आठवड्यात मुरगळला. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही म्हणाले, तरी प्लास्टरसारखा बूट दिला. वर दुसऱ्या पायाचाही एक्स-रे काढला. चांगल्या पायाला उगाच किरणं कशाला? मला ते पटलं नाही, पण तिथे बोलले नाही.

फिल्मवाला
चालतीबोलतीताई, वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाजवळ वाढीची पट्टी असते. ती कूर्चेची, म्हणून फिल्मवर काळी रेघ दिसते, अगदी चिरेसारखी. ही चीर की पट्टी, असा प्रश्न पडला की कधी कधी दुसऱ्या पायाशी ताडून बघतात. नेहमी गरज असते असं नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी ते उगाच केलेलं नसावं. पट्टीला मार बसला असेल आणि हाड जागेवरून हललं नसेल तर फिल्म साफच येते. मग दाबून दुखतं का यावर निर्णय घेतात आणि काही आठवडे आधार देतात.

किरणांचं म्हणाल तर घोट्याच्या एका एक्स-रेला साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप) लागतात. पृथ्वीवर नुसतं राहण्याने माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात, जमिनीतून, हवेतून, आकाशातून. म्हणजे एक चित्र म्हणजे साडेतीन-पावणेचार तासांचं जगणं. शिवाय पोटापासून लांब. एवढ्याने रात्रीची झोप उडवू नका. आणि पुढच्या वेळी तिथेच विचारा, आम्हाला कुणी विचारलं की बरंच वाटतं.

चालतीबोलती
साडेतीन तासांचं जगणं... हे आधी कुणी सांगितलं असतं तर आठवडाभर मनात घोळवत बसले नसते. मनापासून आभार.

आजोबांचा_नातू
रानजाईंच्या बोटाच्या कसोटीला एक अपवाद ठळक करून लिहायला हवा. माझ्या आजोबांना पंचवीस वर्षं मधुमेह होता. पाय सुजला, लाल झाला, गरम लागायला लागला. दुखत मात्र नव्हता. दाबलं तरी नाही. ते आरामात चालत होते, म्हणून आम्हीही निश्चिंत राहिलो. पहिला एक्स-रेही ठीक आला. महिनाभरात पावलाची कमान बसली. शार्को फूट म्हणतात त्याला. नसा बधिर झालेल्या माणसाला मोडलेलं हाडसुद्धा दुखत नाही. सुरुवातीला एक्स-रे साधाच दिसतो, एमआरआयमध्ये मात्र हाडांच्या आतली सूज आधी कळते. घरात जुना मधुमेह असेल आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दाखवा, आणि तोवर त्या पायावर वजन टाकू देऊ नका. आजोबांचा पाय वाचला, पण त्यांचं चालणं गेलं.

रानजाई
नातू, लिहिलंत ते फार बरं केलंत. हे मी आधीच लिहायला हवं होतं. पायाला संवेदना नसेल, माणूस नशेत असेल किंवा दुसरी मोठी जखम ठणकत असेल, तर दाबून बघण्यावर विसंबायचं नाही.

पायवाट
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. उत्तरं देते.

फिल्मवाला, फिल्मवर दोनच चित्रं आहेत. समोरचं आणि बाजूचं.

रानजाई, तुमच्या प्रश्नांवरून काल जिन्यावर उभी राहून नीट लक्ष दिलं. दुखतं ती जागा एका बोटाने दाखवता येते. बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे नाही, मागे. आणि हो, कट्‌कन काहीतरी सरकतं. मी त्याला सांध्याचा आवाज समजत होते. पाऊल वर ओढून बाहेर वळवलं की त्वचेखाली दोरीसारखं काहीतरी हाडावरून पुढे येतं आणि परत मागे जातं. नवऱ्याला दाखवलं तर तो दचकला.

त्या दिवशीचं आठवलं तर "मुरगळला" हा शब्दच चूक होता बहुतेक. चवडा पायरीच्या कडेवर राहिला, टाच खाली गेली आणि मी पडू नये म्हणून पाय ताठ केला. पाऊल आत वळलं नव्हतं.

रानजाई
ताई, एमआरआयच्या आधी ऑर्थोपेडिक सर्जनना हे तसंच्या तसं करून दाखवा. बाहेरच्या उंचवट्यामागून पेरोनियल कंडरा जातात, दोन असतात. एक पट्टा त्यांना हाडामागच्या खोबणीत धरून ठेवतो. पाऊल जोरात वर दाबलं गेलं आणि त्याच क्षणी स्नायू आवळले, तर तो पट्टा फाटतो आणि कंडरा खोबणीतून उडी मारून हाडावर येते. तुम्ही सांगताय ते अगदी तसंच वाटतं. सुरुवातीला सूज बाहेरच्याच बाजूला येत असल्याने हे दुखणं लिगामेंटच्या नावावर खपून जातं. खात्री अर्थात तपासणाऱ्यानेच करायची, मी इथून फक्त दिशा दाखवतेय.

आणि सोनोग्राफीबद्दल विचारा. एमआरआयमध्ये पाय बांधल्यासारखा स्थिर ठेवतात, आणि स्थिर पायात ही कंडरा पुष्कळदा मुकाट्याने जागेवर बसलेली असते. सोनोग्राफीत प्रोब लावून पाऊल फिरवायला सांगतात, तेव्हा ती उडी मारताना पडद्यावर दिसते. मात्र हात सरावाचा हवा. स्नायू-सांध्यांची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्यांकडेच जा.

शून्यवेळ
हे मला नवीन आहे. माझ्या डोक्यात एमआरआय म्हणजे शेवटचा शब्द असं बसलं होतं. पायवाट, काय होतंय ते इथे नक्की कळवा.

अनुस्वार
मग सीटी स्कॅन कधी? त्याचं कुणी बोललंच नाही.

फिल्मवाला
मुख्यतः हाडासाठी. फ्रॅक्चर सांध्यात शिरलंय, तुकडे किती, कुठे सरकलेत, हे ऑपरेशनच्या आधी सर्जनला हवं असतं. टाचेचं हाड फुटलं असेल तर सीटीवाचून भागत नाही. टॅलसच्या बाहेरच्या कडेचं एक फ्रॅक्चर आहे, बर्फावर स्नोबोर्ड खेळणाऱ्यांत जास्त होतं. तेही फिल्मवर निसटतं आणि सीटीत सापडतं. लिगामेंटसाठी सीटी कुणी मागत नाही.

पायवाट
तीन आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल माफी.

नवीन सर्जननी आधी फिल्म मागितलीच नाही. मला टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसवलं, तळव्याला हात लावून म्हणाले, "माझा हात बाहेर ढकला." ढकलला आणि कंडरा उडाली. त्यांनी माझंच बोट धरून त्यावर ठेवलं, "ही बघा." सोनोग्राफी दोन दिवसांनी झाली. खोलीत अंधार, पायावर थंडगार जेल. पडद्यावर दोन करडे ठिपके शेजारी शेजारी. मी पाऊल फिरवलं तसा एक ठिपका हाडाच्या पांढऱ्या कडेवर चढला, क्षणभर थांबला आणि परत आत घसरला. सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमनी तीन वेळा करायला लावलं आणि तिन्ही वेळा तेच. दहा आठवडे मी "अजून थोडं दुखतंय" एवढंच सांगत होते. ते डोळ्यांनी बघितलं तेव्हा रडूच आलं, खरं सांगते. भीतीने नाही. आपल्या मनाचे खेळ नव्हते ते, म्हणून.

कंडरेत उभी चीर गेलीय का हे बघायला नंतर एमआरआय केलाच. चीर नाही. म्हणजे शून्यवेळ, तुमचाही सल्ला शेवटी पाळला, फक्त क्रमाने. अर्धा तास ठकठकाट, पाय साच्यात.

पट्टा शिवायचं ऑपरेशन सुचवलंय. अगदी सुरुवातीला प्लास्टर घालून बघता आलं असतं, तेही टिकलं असतंच असं नाही म्हणाले. आता दोन महिन्यांच्या वर झाल्यावर त्यात अर्थ नाही. पुढच्या महिन्यात करायचं ठरतंय.

फिल्मवाला
नवीन एक्स-रे काढला का हो? अशा दुखापतीत कधी कधी पट्ट्याबरोबर हाडाचा पापुद्रा उचकटून येतो, नखाच्या तुकड्याएवढा. मॉर्टिस व्ह्यूमध्ये उंचवट्याच्या बाहेर तो तरंगताना दिसतो. दिसला तर निदान तिथेच झालं.

पायवाट
काढला, तिन्ही चित्रं, उभं करून. पापुद्रा नव्हता. म्हणजे पहिल्या दिवशी तिसरं चित्र काढलं असतं तरी फिल्म साफच आली असती. हे कळल्यावर पहिल्या डॉक्टरांवरचा माझा निम्मा राग गेला. निम्मा आहे अजून, कारण त्यांनी घोट्याला हात लावला नव्हता.

खडूफळा
ऑपरेशनसाठी शुभेच्छा, ताई. नंतरचे व्यायाम मनापासून करा.

दवबिंदू
रानजाई, आता माझं. डावा पाय दर वर्षी मुरगळतो, आठवड्यात बरा होतो, पुन्हा मुरगळतो. कुठली तपासणी करू?

रानजाई
आधी मशीन नको. भिंतीजवळ अनवाणी उभ्या राहा, हात छातीवर, आणि एका पायावर तोल सांभाळा. आधी उजवा, मग डावा. दोन्हींची वेळ मोजा. मग डोळे मिटून पुन्हा, भिंत हाताशी ठेवून.

दवबिंदू
केलं. उजवा पूर्ण मिनिटभर. डावा उघड्या डोळ्यांनी बारा सेकंद, मिटल्यावर तीन. उद्याच कुणाची तरी वेळ घेते.